सुरण, कुलूप आणि पेगेरो

लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांनी विचारलं, "नेरेइदा, रादामेस पेगेरोचा पती म्हणून स्वीकार करतेस का?" तेव्हा मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, हा कोण बुवा मध्येच उगवला? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी तीन वर्षं सुरण म्हणत होते. आमच्या नदीकाठच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. बुटका, जाडजूड, आणि एकदा बसला की जमिनीतून उपटून काढावा लागेल असा. आमच्या पुएर्तो आमादोत खरं नाव फक्त चर्चला आणि पोलिसांना लागतं. कोणी गेलं तरी रेडिओवर आधी टोपणनाव सांगतात, नाहीतर मयताला चार माणसं जमायची नाहीत.

एवढं सगळं ठाऊक असूनही आम्ही गावाने मिळून जो घोळ घातला, तो घातलाच.

आमचा बेसबॉलचा संघ बैलगाडीवाल्यांचा. साखर कारखान्यात ऊस वाहणाऱ्या गाड्यांवरून नाव पडलंय, आणि टोपीवरही बैलाचं तोंड आहे. यंदा संघाला साठ वर्षं झाली. क्लबने ठरवलं की स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवर संघाच्या इतिहासातल्या नऊ सर्वांत मोठ्या खेळाडूंची चित्रं काढायची, प्रत्येक जागेचा एकेक. लोकांनी चिठ्ठीवर नावं लिहायची आणि पेटीत टाकायची. एक पेटी न्हाव्याकडे, एक किराणा दुकानात, एक पार उसाच्या मळ्यांतल्या मजूरवस्तीत.

माझा नवरा पंधरा हंगाम या संघाचा कॅचर होता. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं, चेंडू झेलायचा आणि घराकडे, म्हणजे समोरच्या होमप्लेटकडे, पळत येणाऱ्याला आडवा जायचा. त्याच्या बोटांकडे पाहिलंत तर कळेल, एकही सरळ नाही.

"मला काय त्याचं?" तो म्हणायचा. "भिंतीवर चढून काय करायचंय या वयात?"

आणि रोज सकाळी गुडघ्यांना व्यायाम हवा म्हणून चालायला जायचा. हा व्यायाम बरोबर त्या कोऱ्या भिंतीपर्यंत जायचा आणि तिथे अर्धा तास थांबायचा. पुढे पुढे त्याने पांढरा सदरा इस्त्रीला काढून ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही. त्याला ही भिंत किती हवी होती, ते तो सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला तर रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

निकालाचा कागद गेटवर लागला तेव्हा मी तिथेच होते. माझा तळणाचा गाडा पन्नास वर्षं त्याच गेटला लागून आहे. कॅचरच्या रकान्यात पहिलं नाव होतं एलिसेओ कोंत्रेरास, चारशे बारा मतं. खाली कुलूप, दोनशे एकतीस. त्याखाली सुरण, एकशे चौऱ्याहत्तर. सगळ्यांत शेवटी आर. पेगेरो, अडतीस.

मी तो कागद दोनदा वाचला. मग पिठाच्या हातांनीच क्लबच्या कचेरीत शिरले.

क्लबचा नवा सचिव म्हणजे लिसेन्सियादो वाल्दो ब्रेआ. राजधानीतून आलेला, कॉलेजचा कागद मिळवलेला, म्हणून लिसेन्सियादो म्हणायचं. पोरगा गुणी, पण गावात येऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते.

"लिसेन्सियादो," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या नवऱ्याचे तीन तुकडे केलेत."

"दोन्या नेरेइदा, बसा. पाणी घ्या. काय झालंय?"

"कुलूप, सुरण आणि पेगेरो, तिघांना एकच बायको आहे. ती तुमच्यासमोर उभी आहे. बेरीज करा."

त्याने कागदावर बेरीज केली. चारशे त्रेचाळीस. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुरण आणि पेगेरो एकच, हे मी मानतो. तुमची सगळी गल्ली साक्ष देईल. पण कुलपाची मतं सगळी मजूरवस्तीतली आहेत, आणि तिथला म्हातारा आंतेनोर काल मला म्हणाला, कुलूप सहा फूट चार इंच उंच होता. तुमचे पती..."

"पाच फूट तीन," मी म्हटलं. "बुटांसकट."

"मग मी काय करू, सांगा? रविवारी सामन्याआधी नावं जाहीर व्हायचीत. वस्तीतल्या लोकांनी येऊन, बघून, हाच कुलूप म्हणून सही केली तर मतं एकत्र करतो. नाहीतर कोंत्रेरास."

आता यातली गोम सांगते. वस्तीतल्या लोकांनी माझ्या नवऱ्याला कधी पाहिलंच नव्हतं. आमचा हंगाम हिवाळ्यात, आणि उसाची तोडही त्याच दिवसांत. कोयता टाकून बावीस मैल सामन्याला कोण येणार? ते रेडिओवर ऐकायचे. रेडिओवाला त्याला कुलूप म्हणायचा, कारण हा बसला की घराला कुलूप लागलं, कोणी आत येत नाही. पंधरा वर्षं ऐकून ऐकून त्यांनी मनातल्या मनात एक राक्षस उभा केला होता.

घरी येऊन सगळं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "राहू दे गं. त्यांचा कुलूप चांगला उंच आहे. कशाला बुटका करतेस?" आणि सदरा घडी करून कपाटात ठेवला. मला इतका राग आला की मी तो सदरा परत बाहेर काढला आणि खुंटीला टांगला.

रविवारी दुपारी उसाच्या ट्रकमधून वस्तीतले तीसेक लोक उतरले. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे. पुढे डॉन आंतेनोर (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानाने डॉन म्हणतात), वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षं ऊस तोडलेला, काटक. नवरा मी टांगलेला सदरा घालून होमप्लेटपाशी उभा होता. एकदा मी सामना सुरू व्हायच्या आत मैदानात आले होते, तेव्हाही तो असाच घामाघूम होता, पण तेव्हा तो तिशीतला होता. मी पहिल्या रांगेत बसले.

डॉन आंतेनोरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"हा?" तो म्हणाला. "अहो लिसेन्सियादो, हा तर रॉकेलच्या पिंपाएवढा आहे."

वस्तीतले लोक हसले. आमच्या गल्लीतले चिडले.

"पिंप कोणाला म्हणतोस रे म्हाताऱ्या?" मागून कोणीतरी ओरडलं. "पिंपानेच सहा किताब मिळवून दिलेत."

"असतील. सुरणाने मिळवले असतील, माझं काही म्हणणं नाही. पण मी माझ्या चार मुलांना कुलपाच्या गोष्टी सांगून मोठं केलंय. यांच्यासमोर मी खोटी सही करणार नाही."

नवरा मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, डॉन आंतेनोर. ट्रकचा त्रास उगाच झाला तुम्हाला." आणि निघाला. मी उठणार होते, काहीतरी बोलणार होते, काय ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात कोंत्रेरास पुढे आला.

हा एलिसेओ कोंत्रेरास, ज्याला चारशे बारा मतं होती, तो सत्कारासाठी राजधानीहून आला होता. उंच, देखणा, तीन उन्हाळे अमेरिकेत खेळलेला. त्याआधी नऊ वर्षं माझ्या नवऱ्याचा बदली म्हणून बाकावर बसलेला.

"डॉन आंतेनोर," तो म्हणाला, "तुम्ही कुलपाला पाहिलं नाहीत ना?"

"नाही."

"मग डोळ्यांनी काय ओळखताय? तुम्ही ऐकलंत त्याला. जाळीला मायक्रोफोन टांगलेला असायचा, आणि रेडिओवाला रमचा घोट घ्यायला थांबला की कोणाचा आवाज यायचा?"

डॉन आंतेनोर एक पाऊल पुढे आला. मग हळूच म्हणाला, "त्याचा. तो बॅटवाल्याशी बोलायचा. आम्ही कोयते खाली ठेवून ऐकायचो."

मी चकित. माझा नवरा आणि बोलणार? घरी त्याच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढायची. तो सामन्यात काय करायचा ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मी बाहेर गाड्यावर, कढईतलं तेल उकळतंय, शेजारी गाणी लावलेली. आत आरडाओरडा झाला की समजायचं, काहीतरी बरं झालं.

कोंत्रेरासने कोट काढला, एक बॅट उचलली आणि प्लेटपाशी उभा राहिला. सरावाला आलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, हात केला. "कोंपाद्रे, दोस्ता," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बस खाली."

"माझे गुडघे, एलिसेओ."

"गुडघे माझ्याकडे लागले. बस."

डॉन आंतेनोरने पाठ फिरवली, डोळे मिटले, कानाला हात लावला. नवरा बसला. बसताना गुडघ्यांचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. पहिला चेंडू आला, त्याने झेलला, पण तोंडातून शब्द नाही. दुसरा आला, तोही झेलला. आणि मग कुठूनतरी, जरा खरखरीत, पण खणखणीत आवाज निघाला.

"आलास? ये, ये, उभा राहा. वास येतोय का? नाकाने नीट श्वास घे. गेटपाशी माझी बायको तळतेय. आत्ता पीठ थापलंय, आत्ता तेलात सोडलंय. फुगलं बघ. तू इथे बॅट घेऊन उभा राहणार आणि तिकडे ते गार होणार. कोणासाठी एवढा जीव काढतोयस? आउट हो, जा, गरम गरम खा."

चेंडू आला. कोंत्रेरासने बॅट फिरवली, लागला नाही. त्याचे खांदे हलत होते.

"चुकला. चुकणारच, लक्ष कुठंय तुझं? मीठ बघ तिच्या हाताचं. अख्ख्या बेटावर असं मीठ कोणाला जमत नाही. आणि तिला पाहिलंस का? नाही पाहिलंस? मग तू या गावात येऊन काय केलंस? लाल ओढणी बांधलेली असते डोक्याला. लांबूनच बघ हं, जवळ गेलास तर माझ्याशी गाठ आहे. बॅट ठेव खाली, जा बघून ये, मी पिचरला थांबवतो."

कोंत्रेरास बॅटवर रेलून हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. वस्तीतले सगळे पोट धरून हसत होते, आणि त्यांतले म्हातारे पुढची वाक्यं त्याच्याआधीच म्हणत होते. त्यांना पाठ होतं सगळं. मला सोडून सगळ्यांना पाठ होतं. कोणी मला सांगितलं नाही, कारण हे मला माहीत नसेल अशी कोणाला शंकाच आली नाही. मी चेहरा ओढणीत लपवला. ओढणी लालच होती.

डॉन आंतेनोर अजून पाठ करूनच उभा होता. "डोळे मिटले," तो म्हणाला, "की सहा फूट चार इंच आहे." मग वळला, माझ्या नवऱ्याची टोपी काढली आणि त्याच्या टकलावर ओठ टेकले. "कुठे होतास रे इतकी वर्षं? आणा तो कागद."

नवऱ्याला उठता येत नव्हतं. कोंत्रेरासने एका बगलेत हात घातला, आंतेनोरच्या मुलाने दुसऱ्या. "आधी बाकावर बसवलंस, आता भिंतीवरूनही उतरवलंस," कोंत्रेरास म्हणाला. "निदान खायला तरी घाल."

लिसेन्सियादोने बेरीज जाहीर केली तेव्हा गोंधळ इतका झाला की आकडा कोणालाच ऐकू आला नाही. मग चित्रकाराने खाली नाव काय लिहू म्हणून विचारलं, आणि गल्ली आणि वस्ती यांच्यात परत जुंपली. सुरण नसेल तर रंगच लावू देणार नाही, असं आमचे म्हणाले. कुलूप नसेल तर ट्रक भिंतीवर घालू, असं ते म्हणाले. मी चित्रकाराला सांगितलं, तिन्ही नावं लिही बाबा. माणूस आखूड आहे, भिंत लांब आहे.

सामना सुरू झाला. नवरा गाड्यामागच्या खुर्चीत येऊन बसला, पाय लांब करून. चेहऱ्यावर असं काही होतं की त्याच्याकडे बघताना मलाच लाज वाटत होती. मी पीठ थापत होते आणि मनात चडफडत होते.

"पन्नास वर्षं," मी म्हटलं, "पन्नास वर्षं तू माझ्या हातचं खातोयस. परक्या माणसांना मीठ काय, ओढणी काय. मला एकदा तरी बोललास का?"

त्याने जरा विचार केला. खरंच विचार केला, त्याला वेळ लागतो.

"घरी माझ्यासमोर बॅट घेऊन कोणी उभंच नसायचं," तो म्हणाला.

मी कढईतला झारा काढला, तेल निथळू दिलं, दोन्ही हातांत धरून खांद्यावर घेतला आणि त्याच्यासमोर पाय फाकवून उभी राहिले. गिऱ्हाईक बघत होतं. बघू दे.

"हं," मी म्हटलं. "बोल."

आणि तो बोलायला लागला.