जैनथच्या जीपची शिट्टी

मी एक जुनी जीप आहे. आदिलाबादजवळच्या जैनथ भागाच्या प्रगतीत माझा वाटा फार मोठा आहे, हे मी नम्रपणे सांगते. मी येण्याआधी इथले लोक बसची वाट पाहत झाडाखाली बसून राहत. मी आल्यावर ते बसून राहीनासे झाले. माझा आवाज लांबून ऐकू आला, की "हिच्यापेक्षा पाय बरे" असं म्हणून ते चालू लागत.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तारुण्य सरकारी सेवेत गेलं, म्हणजे बहुतेक कचेरीसमोर उभं राहण्यात गेलं. टायर झिजल्यावर खात्याने माझी हर्राजी केली, म्हणजे मला लिलावात काढलं. सत्त्याऐंशी साली चंपतराव नावाच्या कापूस पिकवणाऱ्या गृहस्थांनी मला घरी आणलं. त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली आणि नांगरटीला ट्रॅक्टर सांगितला. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई यांनी मला ओवाळलं. ओवाळताना त्या गोठ्यातल्या बैलांच्या रिकाम्या दावणीकडे पाहत होत्या.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. दुसऱ्या वर्षी भाद्रपद लागला आणि माझ्या मागच्या बाजूने एक नवा आवाज येऊ लागला. आधी बारीक शिट्टी, मग घुमणं, आणि वेग वाढवला की भक्कन ढेकर. माझ्या नेहमीच्या आवाजाला सारा गाव सरावला होता. या आवाजाला मात्र गोठ्यातली म्हैसही बिचकली आणि तिने पान्हा चोरायला सुरुवात केली.

"आवो, ही शिट्टी मारते अन् माही म्हस आटून राह्यली," रेणुकाबाई म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत हिला गप करा. नाई तर इका अन् बैल आना."

चंपतरावांनी मान डोलावली. एकदा विकून झालेल्या माझ्यासारखीला पुन्हा विकलं जाणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं. पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला उत्सुकताच जास्त होती. माझं मागचं टोक मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तिथे काय चाललं आहे, हे मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातले दोन मुख्य. एक दौलत. हा मंचेरियलला कोळशाचा ट्रक चालवी, आणि गावी आला की कुणाचंही इंजिन उघडं दिसल्यावर त्याचा पाय तिथून निघत नसे. दुसरे शाळेतले वामनराव गुरुजी. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून त्यांची मतं स्वच्छ होती.

"काका, हिला अपचन झालं," दौलत म्हणाला. "सोडा पाजा."

"तसं नव्हे," गुरुजी म्हणाले. "धातू तापला की प्रसरण पावतो. त्यामुळे धुराच्या नळीत फट पडली असणार."

"मंग गुरुजी, उन्हात तुमचं डोक्स काऊन नाई प्रसरण पावत?"

"रिकाम्या भांड्याचं प्रसरण दिसतं. भरल्याचं दिसत नाही."

"तुमाले हसू येऊन राह्यलं," चंपतराव वैतागले. "इथं माही जीप चालली हातची!"

"मंग रेडिओ बसवा," दौलत म्हणाला. "लई जुना इलाज हाये. आवाज तोच ऱ्हाते, आपल्याले ऐकू येत नाई."

थट्टा संपल्यावर मात्र दौलतने काम मनापासून केलं. इंजिन चालू ठेवून त्याने नळीच्या तोंडाशी ओलं पोतं धरलं. मधे कुठे गळती असेल, तर तिथून फुसफुस ऐकू येते. ती आली नाही. गुरुजी जमिनीवर आडवे होऊन ऐकत होते. ते उठले तेव्हा त्यांचा एक कान काळा होता, पण उत्साह कमी झाला नव्हता.

मग इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, दौलतने लाकडाच्या दांड्याने मला पुढून मागे ठोकत नेलं. सायलेन्सर रिकाम्या हंड्यासारखा वाजला. नळीचं मागचं वळण भरल्या मडक्यासारखं वाजलं.

"काका," तो म्हणाला, "हिच्यात कायतरी हाये."

नळी सोडवली. सळईने टोचून टोचून आतून एक काळी, विटेसारखी कडक वस्तू निघाली. तिच्या मधोमध बारीक भोक पडलं होतं. धूर तिथून जाई, तीच शिट्टी. गुरुजींनी वस्तू मोडली आणि हुंगली.

"ही पुरणपोळी आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं. रेणुकाबाई वाती वळत होत्या.

"पोळ्याच्या दिवशी बैल उपाशी ठेवतात काय?" त्या म्हणाल्या. "बैल तर तुमी इकले. आता त्यायच्या जागी हीच. आदल्या सांजेला हिच्या खांद्याले हळद-तूप लावलं, अन् सणाला दोघायचाही घास हिलाच भरवला. आत जाईना, तं लाटण्यानं लोटला."

"पन काकू, मांगून?" दौलत म्हणाला. "बैलाले कुठून चारत होत्या तुमी?"

"पुढं सारी जाळी. तोंड कुठं हाये तिथं? अन् वरडते तं मांगूनच. जिथून वरडते तेच तोंड."

गुरुजी वाकून नळीचं तोंड पुन्हा पाहू लागले. मला आयुष्यात अनेकांनी पुसलं, हाकललं, ढकललं. जेवू मात्र त्या एकाच बाईने घातलं, तेही बैलांच्या वाट्याचं. त्या पोळीची चव मला कळली नाही, याचं वाईट वाटतं.

नळी पुन्हा बसली. शिट्टी गेली. म्हैस दूध देऊ लागली. दसऱ्याला रेणुकाबाईंनी माझ्या बॉनेटवर झेंडूची माळ घातली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हिला." नैवेद्याची वाटी चंपतरावांनी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

मित्रांनो, वाहनाचा आवाज बदलला तर दुर्लक्ष करू नका. त्याला नीट ऐका, ठोकून पाहा, आणि नळी सोडवण्याआधी घरच्या माणसांना एकदा विचारा. ज्याची काळजी घेतली जाते, त्याला कुणी टाकून देत नाही, अशी माझी समजूत त्या दसऱ्याला पक्की झाली.

पुढे कळलं, की शिट्टी चालू असतानाच चंपतरावांनी मला आदिलाबादला नेऊन दोघा-तिघांना दाखवलं, ते विकण्यासाठी होतं. कुणी घेतलं नाही.