काळीतली उभी कड

चौऱ्याहत्तर साली कालव्याची आखणी चंद्राबाईच्या रानातनं गेली, तेव्हा ती काही बोलली नाही. पण कालव्याच्या कामावरच्या धनपाल साहेबानं लाकडी फरमा उभा केला आणि बाईचं डोकंच फिरलं. त्या फरम्याच्या मापानं कालवा खणायचा होता. तळ अरुंद, खोली भरपूर आणि कड जवळजवळ उभी!

"साहेब, काळ्या रानात असली कड ऱ्हात न्हाई. ढासळंल."

"मावशी, या मापात खुदाई कमी, जमीन कमी, पाणी तेवढंच. तुमचंच रान वाचतंय आणि तुम्हीच भांडताय?"

आता घ्या! पोरगा सांगलीकडचा, कराडला शिकलेला, हुशार. पण मुरमात चालणारं माप काळीत लावत होता, आणि वर तिलाच शहाणपण शिकवत होता. चंद्राबाईनं पदर खोचला.

"पाट फुटला की माजी पिकं बुडणार. तुमी तवर बदलीवर जाशीला. आना तो फरमा हिकडं."

तिनं दिरासोबत स्वतःच्या उभ्या शाळू-ज्वारीत वीस हात चर खणला, अगदी फरम्याच्या मापाचा. विहिरीवरचं इंजिन लावून तो भरला आणि चार दिवस भरलेलाच ठेवला.

पाचव्या दिवशी साहेब आला. चर काठोकाठ भरलेला, कड जागच्या जागी.

"टिकली की, मावशी!" साहेब हसला. जमलेली माणसंही हसली. चंद्राबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"पाट बारा म्हैने भरल्याला ऱ्हातो व्हय? पान्याची पाळी संपली की पाट बंद करताच न्हवं?"

तिनं फावड्यानं चराचं ओढ्याकडचं तोंड फोडलं. पाणी निघून गेलं. साहेबाचा चहा पिऊन होतोय तोवर पाण्याचा आधार सुटलेल्या काठाला भेगा पडल्या, आणि भिजलेली कड धप्पकन तळात बसली.

साहेबानं ढेकूळ उचलून बराच वेळ हातात चुरलं. "तुमचं बरोबर आहे, मावशी. कड पसरट करावी लागेल. पण मग तुमचे आणखी दहा गुंठे जातील."

सगळं मिळून तीन एकर रान, त्यातला हा सर्वांत कसदार पट्टा. चंद्राबाईला रडूच आलं. ते तिनं गिळलं. साहेबाची आखणीची खुंटी उपटली, शाळवात चार पावलं आत गेली आणि दगडानं स्वतःच ठोकली.

"आता खणा," ती म्हणाली. "आन् ह्या खुंटीपातुर कड पसरली न्हाई, तर तुमचा फरमा चुलीत घालीन."