धोंड्याचं वाण

"हसला! अहो, हाही मेला हसला!" मनोरमा स्वयंपाकघरातून ओरडली.

अनारसा हसला म्हणजे आनंदाची बातमी नव्हे. तुपात सोडल्यावर तो फुटून कढईभर पसरला, की बायका म्हणतात हसला. सकाळपासून पाच-सहा काय ते धड उतरले होते, बाकी सगळे हसून मोकळे. मी गॅलरीत बनियनने मान पुसत उभा होतो. लाइट गेलेली. खाडीकडून येणारा वारासुद्धा कुणीतरी तव्यावर शेकून पाठवल्यासारखा.

"तरी सांगत होतो," मी म्हणालो. "या उकाड्यात पीठ टिकतं का? आंबलंय ते."

"तुम्ही गप्प बसा हो. पिठाला काही झालेलं नाही. तूप जास्त तापलंय."

ती तशीच. चूक तुपाची असेल, गॅसची असेल, नाहीतर माझी असेल. पदर खोचलेला, तोंड लालबुंद, आणि गॅस विझेल म्हणून खिडकीही लावून घेतलेली. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही टँकर आला तर. बाईसाहेबांनी प्यायच्या हंड्यातलं पाणी तांदळाला घातलं आणि मला सांगितलं, आज आंघोळ पुसून करा. एरवी दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसणारी बाई. आठवडाभर तिने सुई हातात धरली नव्हती.

हे सगळं कशासाठी, तर धोंड्याचा महिना. यंदा ज्येष्ठ अधिक आला होता. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर शेजारी शेजारी बसवायचं आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या घरी जावई येऊन ढेकर देऊन जात होते. आम्हालाही जावई आहे. निकेत नाव, घोडबंदरला राहतो. फक्त आमची संचिता नाही. दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि गेली. तिची मनू तेव्हा नुकती चालायला लागली होती.

गेल्या दिवाळीनंतर निकेतने दुसरं लग्न केलं. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तरणा पोरगा, पदरात एवढीशी पोर. पण लग्नानंतर त्याचं येणं कमी झालं. आधी दर रविवारी मनूला घेऊन यायचा, मग संक्रांतीला आला, मग नुसता फोन. "या आठवड्यात नाही जमत बाबा. पुढच्या रविवारी बघतो." ते बघणं काही होईना.

"मनोरमा, लेक गेली," मी तिला महिन्याच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं. "लेकीशिवाय जावई कसला?"

"वाण घेतलं तर तो आपला जावई राहील," ती म्हणाली. "तो राहिला तर मनू राहील. नाहीतर उद्या बाजारात भेटली तर तिला सांगावं लागेल, बाळ, मी तुझी आजी. चालेल तुम्हाला?"

पस्तीस वर्षं कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात घालवलेला माणूस मी. पण तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यापुढे ठेवलं. मला मनू हवी होती. मनोरमेपेक्षाही जास्त हवी होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिने गॅस बंद केला आणि हसलेल्या अनारशांचा चुरा डब्यात भरला. मग हॉलमध्ये येऊन दोन पाट मांडले. एका पाटावर तांदळाची चिमूट आणि त्यावर एक सुपारी ठेवली.

"हे काय?"

"गुरुजींना विचारून घेतलंय. बायको नसली तर शेजारी सुपारी ठेवतात."

"अगं, पण त्याला बायको आहे!"

"ती माझी लेक नाही. तिला मी बोलावलेलंच नाही. फोनवर सांगितलंय, तू आणि मनू या."

मी कपाळावर हात मारला. "नवऱ्याला जेवायला बोलावलंस आणि त्याच्या बायकोला नाही? शहाणी आहेस का तू? अशानं उरलंसुरलं येणंही बंद करेल तो."

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण कबूल करेल तर ती मनोरमा कसली! "माझं डोकं खाऊ नका. जा, बत्तासे घेऊन या. अनारसे पुरणार नाहीत. जाळीचंच काहीतरी लागतं वाणाला."

गेलो. डोक्यावर ओला टॉवेल टाकला तो नाक्यापर्यंत वाळला. स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानात बत्तासे नव्हते, दुसऱ्यातही नव्हते. तिसऱ्यात गल्ल्यावर एक गुजराती शेठ पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

"बत्तासे है क्या, शेठ?"

"खलास, काका. पुरुषोत्तम मास चालू छे ने! सब ले गये."

"देखो ना जरा. दामाद आ रहा है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी भर उन्हात धापा टाकत होतो, ते त्याला दिसत असावं. आत जाऊन त्याने देवापुढची पिशवी आणली. "घर की पूजा का है. ले जाओ. जमाई को खाली हाथ नहीं भेजते." पैसे पुढे केले तर घेईना. मला एकदम रडू यायला लागलं. परक्या माणसासमोर काय हे, म्हणून मी घाईने पायऱ्या उतरलो.

परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. ते आलेच नसतील तर? आले आणि ती सुपारी बघून निकेत उठून गेला तर? चालता चालता मी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो, आणि इथे राहून मला बारा वर्षं झालीत.

दारात निकेतचे बूट होते, मनूचे पिवळे सँडल होते आणि एक बायकांची चप्पल होती.

आत निकेत खुर्चीच्या टोकावर बसलेला. त्याची बायको सुचेता भिंतीला टेकून उभी होती, कारण तिला कुणी बस म्हटलंच नव्हतं. साधीशी मुलगी, घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेला.

"बाबा, मनू हिच्याशिवाय निघेचना," निकेत म्हणाला. "रडून गोंधळ घातला. म्हणून आणलं."

म्हणजे तीही आपणहून आलेली नव्हती.

मनोरमा औक्षणाचं ताट लावत होती. निरांजन लावायला तिने काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. सुचेताने पाटावरची सुपारी बघितली. पोरगी हुशार, सगळं समजली.

"काकू, मी गॅलरीत थांबते," ती म्हणाली. "तुमचं होऊ दे."

"अगं, उन्हात कुठे?" मी म्हणालो.

"नाही, असू दे. हवा आहे तिकडे."

हवा कसली डोंबलाची! गॅलरीच्या लाद्यांवर पाय ठेववत नव्हता. निकेत मान खाली घालून बसला. मला त्याचा संताप आला, मनोरमेचा आला आणि माझाही आला, कारण त्या मुलीला थांबवणारा एकही मोठा माणूस त्या खोलीत नव्हता.

तेवढ्यात मनू पाटापाशी गेली. "आई, तिकडे नको जाऊ ना. ही बघ जागा. इथे बस." तिने सुपारी उचलली आणि तळहाताने पाटावरचे तांदूळ झाडून टाकले. "आजी, हे काय आहे?"

या घरात आई म्हणून हाक मारणारी आमची संचिता एकटीच होती, आणि ती हाक मनोरमेला असायची. दोन वर्षांत तो शब्द इथे कुणी उच्चारला नव्हता. मनोरमेच्या हातातलं ताट कलंडलं. आता ही काहीतरी बोलणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. मी पुढे होऊन ताट धरलं.

तिने मनूपुढे हात पसरला. "दे बाळा. माझी आहे ती." सुपारी घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. मग सुचेताकडे वळली. "अशी उभी काय राहिलीस? ये, बस. पानं वाढायची आहेत."

"काकू, खरंच..."

"पोर बोलावतेय ना तुझी? बस."

सुचेता बसली. कुंकू लावताना मनोरमेचं बोट तिच्या कपाळापाशी क्षणभर अडलं, पण लावलं. पाच-सहा अनारसे आणि वर बत्तासे असं ते वाण निकेतच्या हातात दिलं. घेताना निकेतला हुंदका आवरेना. "माझं चुकलं. मी यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. मनोरमा म्हणाली, "आधी जेवा. आमरस गरम होतोय."

जेवणं सुरू झाली. लाइट काही आली नाही. सुचेता पदर खोचून वाढायला उठली, तिला मनोरमेने नको म्हटलं नाही. जेवण झाल्यावर मनू माझ्या मांडीवर झोपली. माझी मांडी घामाने भिजली तरी मी हललो नाही.

चारच्या सुमारास त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आम्ही दोघंही खाली गेलो. काशीमीराला हायवेवर उतरून पलीकडून बस धरायची होती. सुचेता मनूला घेऊन आत बसली. "रविवारी हिला घेऊन येते, काकू," ती म्हणाली. मनोरमेने नुसती मान हलवली आणि आत वाकून मनूचा फ्रॉक सारखा केला.

"मनू, तिकडे ट्रक फार असतात हं," ती म्हणाली. "आईचा हात सोडायचा नाही."

"नाही सोडणार," मनू म्हणाली.

रिक्षा वळून गेली. उन्हाचा तडाखा अजून उतरला नव्हता.

"चल वर," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते." कमरेला खोचलेल्या सुपारीच्या गाठीवर तिचा हात होता.

मी गेलो नाही. बाजूला उभा राहिलो.