हानियाचं गाऱ्हाणं

"वयनी, त्या पाकिस्तान्याचा नाव तुमी देवाकडे घेतलात, तर मी ह्या घराचा पाणी पिवचंय नाय. सांगून ठेवतंय." कृष्णनाथ काका दारातच उभे होते. चपला पण काढल्या नव्हत्या.

आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. "पाणी नको पिव. च्या पी."

"चेष्टा नको."

"मी खंय चेष्टा करतंय? माझो झील गेलो. चेष्टा कोणाक सुचता?"

काका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. बाबा मी सहावीत असताना गेले, तेव्हापासून ते साखळीहून बाइक मारत कोरगावला येतात आणि आमच्यावर हुकूम चालवतात. माणूस वाईट नाय. पण बोलायला लागला की माझ्या डोक्यात जातो.

"टीव्ही बघतास काय नाय? त्यांनी आमच्या लोकांक कसा मारल्यानी ता? बायकांसमोर नवऱ्यांक. आणि तुमी त्यांच्या पोरांसाठी गाऱ्हाणा घालतास?"

"इश्फाकान कोणाक मारल्यान नाय. तेच्या चेडवान पण नाय. ती सात वर्षांची आसा."

"सगळे तसलेच ते."

तेव्हा मी उठलो. म्हटलं, "काका, दादाचा डोका मांडयेर कोणी घेतलेला? तुमी व्हतात थंय?"

काका माझ्याकडे वळले. "तू सैन्यात जातलंय म्हणान सकाळी धावतंस मां रे? आणि तूच असा बोलतंस?"

"हो, जातलंय. म्हणानच विचारतंय."

झालं होतं ते असं. माझा मोठा भाऊ गौरेश आधी डिचोलीत खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्यावर ओमानला गेला, ट्रकवर. तिथे त्याच्या खोलीत हा इश्फाक. नीलम म्हणून नदी आहे, तिच्या खोऱ्यातला, अगदी सीमेच्या कडेचा. नकाशात ती जागा आमचीच आहे, शाळेत असताना मी स्वतः रंगवलेली. म्हणजे तसं बघितलं तर इश्फाक आमच्यातलाच. हे मी काकांना म्हटलं तर ते अजूनच पेटले.

दादाचा ट्रक डोंगरात उलटला. इश्फाकचा ट्रक मागून येत होता. त्याने काचा फोडून दादाला बाहेर काढलं. अॅम्ब्युलन्स यायला वेळ होता, म्हणून दादाच्याच फोनवरून इमोवर व्हिडिओ कॉल लावून त्याने आम्हाला दाखवलं. मला वाटलं आई किंचाळणार. नाय किंचाळली. ती त्याला म्हणाली, "बेटा, उसके मुंह में पानी डाल." त्याने बाटली काढली. "कितना, अम्मा?" "थोडा. आणि उसका डोका तेरे मांडी पर ले." मांडी म्हणजे काय ते त्याला समजलं नाय. मी ओरडून सांगितलं, गोद, गोद. मग त्याने घेतलं. दादाचे ओठ हलले, पाणी गळ्यावरून खाली आलं. इश्फाकने ते आपल्या बाहीने पुसलं. नंतर तो म्हणाला, "अम्मा, बस." आणि फोन उलटा ठेवला, आम्हाला दिसू नये म्हणून.

दादाला घरी पाठवेपर्यंत तो प्रत्येक ऑफिसच्या दारात उभा राहिला. मी अग्नी दिला, डोक्यावरचे केस काढले. आणि इथे ते सगळं सुरू झालं. काश्मीरात फिरायला गेलेल्यांना मारलं ते आधीच झालं होतं, आता रात्रीच्या रात्री बातम्या, वर विमानं, सीमेवर तोफा. माझ्या फोनवर सगळ्यांचे स्टेटस झेंड्याचे. माझा पण झेंड्याचा. तो मी काढलेला नाय, काढणार पण नाय.

इश्फाक रोज दुपारी आईला फोन करायचा.

"अम्मा, खाना खाया?"

"खाया. तू खाया?"

"रोटी खाई."

"रोटी के साथ क्या?"

"दाल, अम्मा."

"नुसता दाल? तू भाजी क्यों नाय खाता रे? गौरेश बी ऐसाच था."

हे ऐकून मला हसू यायचं, मग हसू आलं म्हणून राग यायचा.

एक दिवस त्याचा आवाजच वेगळा होता. त्याच्या गावावर तोफगोळे पडणार म्हणून लोकांनी रातोरात गाव सोडला. एकाच जीपमध्ये सगळी कोंबली. वळणावर जीप नदीत गेली. त्याची बायको दगडाला धरून राहिली. पोर वाहून गेली. हानिया. बाकीची मिळाली, ती मिळत नाय. आणि विमानं बंद, म्हणून हा ओमानात अडकलेला. "गौरेश को मैंने निकाल लिया था," तो म्हणाला. "उसको निकालने वाला वहाँ कोई नहीं."

त्या दिवसापासून आईने अन्न बघितलं नाय. च्या आणि पाण्यावर. म्हणाली, चेडवाचा गाऱ्हाणा देवाकडे पडल्याबिगर घास गिळूचंय नाय. इश्फाकने विचारलं की खोटं सांगायची. खाया, खाया.

आमच्याकडे कोण मुंबईला, गल्फला, बोटीवर गेला, की देवळात त्याचं गाऱ्हाणं घालतात. भिकाजी घाडी समोर उभा राहून देवाला नाव घेऊन सांगतो, अमक्याचा अमका अमक्या मुलखात आहे, त्याची राखण कर. आणि जमलेले सगळे म्हणतात, होय महाराजा. एकट्याने म्हणून चालत नाय, गावाने म्हणायला लागतं. दादाचं दरवर्षी घालायचो.

काका निघून गेले, च्या न पिताच. आणि मी भिकाजी आजाकडे गेलो.

तो काजूच्या बागेत होता. बोंडू वेचून त्यांच्या बिया पिळून काढत होता, हात कोपरापर्यंत चिकट. मला बघून म्हणाला, "थंयच रव. सुतक आसा तुका." मी कुंपणाबाहेर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्याने एक बोंडू सोडला नाय, पण ऐकलं.

"आमचो देव गावचो," तो म्हणाला. "गावची शीव खंय संपता ती तुका ठावक आसा. शिवेभायलो माणूस आसलो तर तो आमच्या कोणाचो तरी होवक होयो. रक्ताचो, नायतर सोयरिकेचो. हो कोण?"

"आजा, दादाच्या तोंडात शेवटचा पाणी तेणी घातल्यान."

आता मात्र त्याचे हात थांबले. "कोणी सांगितल्यान घालूक?"

"आयन. फोनार."

"आणि डोका?"

"मांडयेर घेतल्यान."

त्याने हातातला बोंडू बाजूला ठेवला. माश्या भिरभिरत होत्या. मग म्हणाला, "मगे तो घरचोच झालो. आवशीन सांगितल्यान आणि तेणी पाणी घातल्यान, म्हणजे तो तुझो भाव. गाऱ्हाणा घालूक येता."

मी निघालोच होतो, धावत.

"रव रे. घरचो झालो म्हणजे तेका पण सुतक. तुका जसा, तसा तेका. सुतकातल्याचा नाव देवासमोर घेवक येणा नाय. तेराव्याक सगळी शुद्ध व्हतली, मगे घालतंय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पोर नदीत आसा आणि तुमी दिवस मोजतास?"

"परको म्हणान सांगशीत तर देवाचो संबंध नाय. घरचो म्हणान सांगशीत तर थांबाक व्हया. दोन्ही तुका कसा मेळतला?"

मी कुंपणाच्या दांड्याला लाथ मारली. तो परत बोंडू पिळायला लागला.

आईला सांगितलं तर ती उलट शांत झाली. "बरोबर आसा तेचा," म्हणाली. आणि इश्फाकचा फोन आल्यावर त्याला समजावून सांगितलं की तुला पण सुतक आहे, डोक्याला तेल लावू नको, देवळात जाऊ नको. तो म्हणाला, "जी अम्मा." मी मागून सांगितलं, आये, तो देवळात कशाक जातलो. ती म्हणाली, खंय जाता थंय जावचा नाय. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "नाय नाय, तू जा बेटा. तू नमाज पढ. तेरे देव को सुतक नाय होता."

आज तेरावा.

सकाळी मी मैदानावर धावत होतो. भरती जवळ आली आहे. माझ्याच नंबरवर इमो वाजला. आईला सोडून त्याने मला कधी फोन केला नव्हता.

"शंभू, हानिया मिल गई."

मी मैदानात उडीच मारली. "कैसी है?"

तिकडून फक्त ट्रकचा आवाज, एसीचा आवाज.

"कल दफ़ना दिया," तो म्हणाला. "बहुत नीचे जाकर मिली. मामू ने चप्पल से पहचाना. मैंने फोन पर देखा, फिर उन्होंने फोन नीचे कर दिया." मी तिथेच बसलो. त्याला काय म्हणायचं असतं ते मला येत नाय. दादा गेला तेव्हा लोक माझ्याशी काय काय बोलले होते, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"सुनो. अम्मा को अभी मत बताना. आज गौरेश का दिन है. उनका मंदिर हो जाए, वो कुछ खा लें, फिर बता देना. तुम बताना. मुझसे नहीं होगा."

"जी."

"दौड़ रहे थे?"

"हाँ."

"गौरेश कहता था तुम फ़ौजी बनोगे." मग म्हणाला, "दौड़ो. छोड़ना मत."

मी कसल्या सैन्यात जाणार आहे ते त्याला माहीत आहे. तरी म्हणाला. मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या मी घालून बघतोय, पण त्यातली एकही कोणाला लागत नाय.

देवळात बऱ्यापैकी माणसं आली. सुतक फिटलं म्हणून आई नऊवारी नेसून आली, बारीक झालेली, दगडी खांबाला धरून उभी. काका पण आले. आत नाय आले, गेटवर बाइकला टेकून राहिले. पण नारळ त्यांनीच सोलून आणले होते, न सांगता पायरीवर ठेवले.

भिकाजी आजा उभा राहिला. आधी गावाचं, मग गुरांचं, मग पिकाचं. मग म्हणाला, "शिवेर जी आमची पोरां हातात बंदूक घेवन रातदिस उभी आसत, तेंची राखण कर."

"होय महाराजा." केवढा आवाज आला. गेटवरून काकांचा पण आला, मी ऐकला.

"शेवंतीचो थोरलो झील गौरेश परमुलखात गेलो, तेका तुझ्या पायाशी जागो दी."

"होय महाराजा."

"तेच्या तोंडात शेवटचा पाणी घालणारो इश्फाक, तो ह्या घरचो झील म्हणान मी तुझ्यासमोर उभो करतंय. तेचा चेडू हानिया नदीन नेलेला आसा. ता जसा गेला तसा सुखरूप आवशीच्या वटयेत घाल."

कोण बोललं नाय. आईचा एकटीचा आवाज आला, तो पण अर्धाच. पुढचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एकजण घसा खाकरला आणि बाहेर गेला.

आजा मागे वळला. "माका आयकाक इला नाय," म्हणाला. रागाने नाय, जसा माणूस दुकानात परत विचारतो तसा.

आई माझ्याकडे बघत होती.

मला माहीत होतं. सगळ्या देवळात मला एकट्याला माहीत होतं, की ती चपलेवरून ओळखली, मातीत ठेवली, संपलं. आणि मी म्हटलं, होय महाराजा. माझा आवाज एवढा मोठा आला की कबुतरं उडाली. माझ्या मागून बाकीचे म्हणाले. सगळे नाय, पण बरेच. बायका जास्त. गेटवरची बाइक चालू झाली आणि निघून गेली.

मग आई जेवली. देवळाच्या सभामंडपातच, पानावर. भात आणि वाटाण्याची आमटी. किती दिवसांनी. प्रत्येक घास चावून. पानाच्या कडेला थोडी खीर वेगळी काढली. म्हणाली, "ही चेडवाच्या नावान. मेळाली की इश्फाकाक म्हणाचा, तिका पयली खीर घाल."

मी हात धुवायच्या निमित्ताने इकडे मागे आलो. विहिरीच्या कठड्यावर बसून हे मोबाईलवर लिहितोय, कारण लिहिलं नाय तर मी कोणाला तरी मारीन. इथून ती दिसते. पान उचललंय तिने. बाकीच्या बायकांना काहीतरी सांगतेय आणि त्या माना हलवतायत.

इश्फाकचा फोन यायची वेळ झाली. त्याने केला तर ती त्याला पहिलं हेच विचारणार, की मेळाली काय.

आता हाक मारतेय मला. फोन हातात घेऊन हाक मारतेय. मला आता निघायला पाहिजे.