रोगाचा तुकडा

माझ्या ननंदेला, वंदनाताईला, विद्यापीठानं औंदा उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार दिला, अन् आमचे मालक तोंड पाडून बसले. सख्खी बहीन हो! आष्टीच्या शाळेत सत्काराचा मांडव पडलेला, अन् हे बाजेवर पडून म्हनतेत, "मी येत न्हाई. मला पाहून लोकं हसतेत."

आता हसायचेच. ताई कृषी विद्यापीठात प्राध्यापक. तुरीला मर लागती, हिरवं झाड उभ्या उभ्या वाळून जातं, त्याच्यावर तिचा अभ्यास. त्यासाठी तिनं आमचा परतूर रोडवरचा तुकडा मागून घेतला, तिथं आधीच मर होती म्हनून! औषध टाकायचं न्हाई, पीक बदलायचं न्हाई. उलट वाळलेली धसकटं बारीक करून त्याच मातीत गाडायची. मंग काय, येनारा-जानारा गाडी थांबवून इचारून राह्यला, "काय कल्याणराव, प्राध्यापकीनबाईची तूर औंदा बी गेली का?" आष्टीच्या बाजाराला जायचं म्हनलं तरी यांच्या जिवावर यायचं. यंदा तर शपथच घेतल्ती, तूर निघाली की तुकडा नांगरून कपाशी लावनार.

मी म्हनलं, "उठा जल्दी. सत्कार बहिनीचा हाय, तुमचा न्हाई. कोन हसतंय ते मी बघते."

आले बापडे. बसले मात्र पार मागच्या रांगंत.

सरपंच रामरावांनी लांबलचक भाषन ठोकलं. शाल झाली, नारळ झाला. मंग ताई उठली. मला वाटलं, आता इंग्रजी झाडती. कशाचं काय!

"चांगल्या रानात समदंच बियानं तरतं," ती म्हनली. "मरनार न्हाई ते कोनतं, हे तिथं कसं कळावं? म्हनून मी सगळ्यात वाईट रान मागितलं. रोग जपला. मेली ती झाडं सोडली, वाचली त्यांचं बी धरत गेले. औंदा त्या तुकड्यात तीन ओळी हिरव्यागार हायेत. तुम्ही रस्त्यावरून वाळलेल्याच बघितल्या."

काय बाई हाय! लोकांचं हसनं तिच्या बी कानावर येतच असंल की. पन इतकी सालं एका शब्दानं कुनाला उलटून बोलली न्हाई, आपलं काम करीत राह्यली.

लोकं लगेच बी मागायला लागले. "आत्ताच न्हाई," ताई म्हनली, "अजून दोन सालं पारखावं लागल." मंग मागच्या रांगंकडं बघितलं तिनं. आवाज बारीक झाला. "दादा, माझ्यापायी तू लई ऐकून घेतलंस. विद्यापीठ मला दुसरं रान देतंय. तिथं रोग मुरायला येळ लागल, पन करते मी. तू खुशाल नांगर."

हे ताडकन उभे राह्यले.

"दुसरं रान? तिथं आपल्यासारखी मर हाय का?"

"तेवढी न्हाई, दादा."

"मंग कशाला जाती?" हे गरजलेच. "आपल्यासारखी मर साऱ्या जिल्ह्यात न्हाई! तुकडा तिथंच राहील. दोन काय, दहा सालं राहू दे. माझ्या मरीला कुनी हात लावला, तर गाठ माझ्याशी हाय!"

समदा मांडव खो खो हसला. औंदा पहिल्यांदा हे बी त्यांच्यासंगं हसले.