बारावं नाव

मिनाने चारही स्तंभांना हिरवा रंग दिला आणि माउसवरचा हात काढून घेतला. काविळीच्या नव्या रुग्णांचे चार आठवडे पडद्यावर ओळीने उभे होते. अठरा, पंधरा, बारा, अकरा. उतार कसा देखणा पडला होता.

"हेच पाहिजे," मागून तालुक्याचे आरोग्य अधिकारी डॉ. हरीश म्हणाले. "साथ ओसरून राहिली, आंधळ्यालाही दिसंल. बारा वाजता बैठक आहे. तांड्यावरचं आरोग्य पथक उद्या आखाडा बाळापूरला हलवू."

तो तांडा मिनाचं माहेर. तिची पाच वर्षांची लेक प्रतीक्षा तिथेच आजीजवळ राहायची, कारण मिना तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कंत्राटावर आकडे भरायला लागली होती. मार्चात कंत्राट संपणार आणि पुढची सही डॉ. हरीश साहेबांची. साहेबांच्या चित्रात खोट काढू नये, एवढं शहाणपण तिच्यापाशी होतं. पण सकाळपासून एक शंका तिला सोडत नव्हती. दिवाळी सरली की तांडा कोयते घेऊन ऊसतोडीला निघतो. माणसंच उरली नाहीत तर रुग्ण घटणारच, त्यात साथीने काय उपकार केले?

साहेब बाहेर गेले तसा तिने आईला फोन लावला.

"याडी, तांड्यावर आता किती माणसं?"

"तू सांगितलं तसं मोजून आले. घरोघर कुलपंच कुलपं. एकशे चाळीस उरलेत. समदी म्हातारी न् लेकरं."

महिन्यापूर्वी सहाशे होती. मिनाने पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे रुग्ण त्या त्या वेळच्या माणसांनी भागले, स्तंभ पुसले आणि रेषा काढली. शंभरामागे तीन रुग्णांपासून निघालेली रेषा चौथ्या आठवड्यात जवळपास आठवर पोचली.

"आजारी अकराच ना?"

"पथकाच्या यादीत तेवढेच," आई घाईने म्हणाली.

"याडी, आपलं घर धरलंस का?"

"न्हाई." मग आवाज उतरवून, "परवापासून पोरीचे डोळे पिवळे हायेत. झाडपाल्यावाल्या बाईकडून कावीळ उतरवून आणली. पथकाला बोलले न्हाई. तुझ्या कानावर जाईल, तू तिथं एकली घाबरशील."

मिना घाबरलीच.

"आत्ताच्या आत्ता पथकाकडं ने. उद्या ते जाणार हायेत."

"निघाले, बाई. निघालेच."

फोन ठेवून तिने शेवटच्या आठवड्यातले अकराचे बारा केले. रेषेचं टोक आणखी वर सरकलं. एकदा वाटलं, हिरवे स्तंभ परत आणावेत, नोकरी तरी राहील. तेवढ्यात बैठकीची हाक आली.

पडद्यावर रेषा उमटताच डॉ. हरीश यांच्या कपाळावर आठी चढली.

"सकाळचा बार चार्ट कुठाय?"

"त्यात माणसं कमी झालेली दिसत होती, साहेब. साथ न्हाई." मिनाने रेषेवर बोट ठेवलं. "तांडा ऊसतोडीला गेलाय. जे मागं राहिले त्यांच्यात वाढून राहिली."

साहेब उठून पडद्याजवळ गेले आणि रेषेच्या टोकाखालचं 'बारा रुग्ण, एकशे चाळीस माणसं' वाचलं. मग त्यांनी बाहेर उभ्या ड्रायव्हरला सांगितलं, "उद्याची गाडी रद्द. पथक तांड्यावरच राहील."

आणि समोरची या आठवड्याच्या रुग्णांची यादी उचलून बोटाने ओळी मोजत त्यांनी विचारलं, "इथं तर अकराच नावं आहेत. बारावं कोण?"

"माझी लेक, साहेब," मिना म्हणाली.