टाकीवरची लाख

माझ्या दारावरचं सरकारी खात्याचं नाव खरवडून काढलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी ऊन तिरपं पडलं की त्यातली दोन अक्षरं अजून दिसतात. मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल जीप आहे. धरणाच्या कामावर वीस वर्षं मी मुरमात, चिखलात, नदीच्या वाळूत चारही चाकांनी ओझं ओढत राहिले. १९९१ साली परळीत माझा लिलाव झाला आणि सिरसाळ्याचे ईश्वरप्पा मला घेऊन आले. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं.

निवृत्ती नावाचा चालक आला. परळीहून परतलं की माझ्या अंगावर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा थर असायचा. निवृत्ती तो फडक्यानं पुसत नसे, आधी पाण्यानं उतरवायचा. राख चोळली की रंग जातो, असं त्याचं म्हणणं. धारूरच्या घाटात नव्या गाड्या धापा टाकायच्या आणि मी न थांबता वर जायची. मग अप्पा दुकानात बसलेल्यांना सांगायचे, "म्हातारी म्हणू नका. घोडी हाय घोडी!" चार वर्षं अशी गेली.

१९९५च्या दिवाळीनंतर शेजारच्या दुकानदाराचा चालक मालकाच्या गाडीतलं पेट्रोल बाटलीनं विकताना सापडला. त्या दिवशी अप्पा माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून गेले. माझ्याकडं ते पाहत नव्हते, निवृत्तीकडं पाहत होते.

बियाण्याच्या पोत्याची गाठ बांधली की तिच्यावर लाख ओतायची आणि दुकानाचा शिक्का दाबायचा, ही अप्पांची तीस वर्षांची पद्धत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच मला लावली. पंपावर उभं राहून टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. मला दुकानापुढं आणलं. आत चुलीवर वितळवलेली लाख पळीतून आणून झाकणावर ओतली. एका थरानं मन भरेना, म्हणून दुसरा ओतला. वर शिक्का. पेट्रोल भरायचं असलं की लाख अप्पाच फोडणार आणि भरून झालं की पुन्हा ओतणार.

"लाख तुटली तर काय समजायचं, ते सांगायला नको," अप्पा म्हणाले.

"न्हाई, अप्पा," निवृत्ती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी घाटात मी बंद पडले.

आधी पाय अडखळल्यासारखा झटका, मग दुसरा, मग सगळं शांत. वीस मिनिटं उभी राहिले आणि आपोआप सुरू झाले. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. धारूरच्या उत्तरेश्वर मिस्त्रीनं प्लग काढून ठिणगी पाहिली, ठिणगी होती. तरी कॉइल बदलली. फरक पडला नाही. फिल्टर साफ केला, पंप खोलला, नळी फुंकली. नाहीच. घाटातल्या एकानं वळणावर लिंबू उतरवायला सांगितलं, तेही झालं.

निवृत्ती मात्र मैलाचे दगड मोजत होता. कुठल्या दगडाला बंद पडले आणि तेव्हा टाकी किती भरलेली होती, हे तो खडूनं माझ्या काचेखालच्या पत्र्यावर लिहायचा. सहा नोंदी झाल्यावर एक गोष्ट दिसली: टाकी भरलेली असली की मी लवकर बंद पडायची, अर्धी असली की उशिरा. त्यानं ते अप्पांना दाखवलं.

अप्पांनी खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. "म्हंजे इकायला माल असला की गाडी थांबती. बराबर हाय की."

"अप्पा, मिस्त्री म्हणतो, एकदा झाकण उघडून बघावं लागंल."

"मला वाटलंच होतं. लाख खुपतीय तुला."

त्यानंतर निवृत्तीनं झाकणाचं नाव काढलं नाही. मिस्त्रीनं पेचकस पुढं केला, तर निवृत्तीनं त्याचा हात धरला. "लाखंला हात लावू नको बे. लाख फुटली की चोर मीच."

आणि खरं सांगते, मलाही शंका आली होती. चार वर्षं ज्याचा हात ओळखीचा होता, त्यानंच माझ्यात काही मिसळलं असेल का, असं मनात येऊन गेलं. माझ्याच अंगात कुठं काय कोंडलंय, ते मला कळत नव्हतं.

डिसेंबरात पोलिओचा डोस पाजायचा दिवस आला. घाटावरच्या वस्त्यांवर जायला अप्पांनी मला दिलं. नर्स पंचशीलाताई बर्फात ठेवलेल्या औषधाची पेटी मांडीवर घेऊन मागं बसल्या. टाकी भरलेली, लाख ताजी. निघताना अप्पा स्वतः पुढं येऊन बसले.

"आज माझ्यासमोर बंद पडली, तर किल्ली हिकडं दे. आन् पुन्हा सिरसाळ्यात कुणाच्या गाडीवर बसू देणार न्हाई तुला."

निवृत्तीनं गिअर टाकला. तेलगाव गेलं. घाट लागला. दुसऱ्या वळणावर मला झटका बसला.

मी थांबले. अप्पांनी हात पुढं केला. निवृत्तीनं किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अहो, किल्लीचं मागून बघा. माझा बर्फ वितळतोय," पंचशीलाताई उतरत म्हणाल्या. "कावून थांबली?"

"पेट्रोल पुढं येत न्हाई, सिस्टर," निवृत्ती म्हणाला. "टाकी भरलेली हाय, पर येत न्हाई."

ताई माझ्या कडेनं फिरल्या आणि झाकणापाशी थबकल्या. "हे लाल काय?"

"लाख. चोरी होऊ नये म्हणून," अप्पा म्हणाले.

"हवा कुठून जाते आत?"

"हवा कशाला पायजे?"

"सलाईनच्या काचेच्या बाटलीला आमी दुसरी सुई खोचतो, हवेची. ती खोचली न्हाई तर बाटली भरलेली ऱ्हाती आन् थेंब उतरत न्हाई. पेशंट मरंल, पर थेंब न्हाई. फोडा ते."

निवृत्ती दोन पावलं मागं सरकला. "मी न्हाई फोडणार."

अप्पांनी खाली वाकून दगड उचलला. आपलाच शिक्का त्यांनी आपल्या हातानं फोडला आणि झाकण पिळलं. स्स्स करून माझ्या पोटात हवा शिरली. इतके दिवस काय कोंडलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. झाकणाला हवेसाठी टाचणीएवढं एक भोक होतं, ते लाखेनं भरलं होतं. टाकी भरलेली असली की आत हवा आधीच थोडी, म्हणून मी लवकर थांबायची. अप्पांनी टाकीत डोकावून पाहिलं. पेट्रोल गळ्याशी लागलं होतं.

"ह्या भोकाचं मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"मिस्त्री झाकण उघडा म्हणत होता, अप्पा. तुमी ऐकलं ते येवढंच, की मला लाख फोडायचीय."

अप्पांनी किल्ली पुढं केली. निवृत्तीनं ती लगेच घेतली नाही. आधी खाली पडलेले लाखेचे तुकडे वेचले आणि अप्पांच्या दुसऱ्या हातात ठेवले.

"हे पोत्यांना लावा."

"लावतो," अप्पा म्हणाले. "चल आता. लेकरं थांबली असतील."

थोडे झटके देऊन मी सुरू झाले आणि घाट चढले. त्या दिवशी परत येईपर्यंत कुठंही थांबले नाही.

पुढं सहा वर्षं मी धावले. आता दुकानामागं उभी असते. माझ्या झाकणाच्या खाचेत लाखेची एक लाल रेघ अजून आहे. शाळेतली पोरं ती नखानं उकरतात. मित्रांनो, उकरा, पण ते भोक मोकळं ठेवा. जुन्या गाडीला तेल लागतं, पाणी लागतं, तशी थोडी हवाही लागते. आणि तुमची गाडी वाटेत थांबलीच, तर आधी झाकण उघडून पाहा. चालवणाऱ्याकडं मग वळा.